अखेरची आज्ञा : कीथ लॉमरचे चरित्र आणि एका युद्धविज्ञानकथेचे वाचन

लेखकाची कथा वाचताना त्याच्या चरित्राचा आधार कोठवर घ्यावा, हा प्रश्न मराठी समीक्षेला नवा नाही. १९१८ मध्ये भादली येथे बालकवींचा रेल्वेखाली झालेला अपघाती मृत्यू ठाऊक असलेल्या वाचकाला त्यांच्या कवितेतील औदासीन्याच्या छटा मृत्यूच्या पूर्वखुणा वाटू लागतात. आणि कविता आधीची व मृत्यू नंतरचा, हा साधा कालक्रम त्याच्या नजरेआड होतो. प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार आपल्या अभ्यासक्रमांत क्वचितच येणाऱ्या एका अमेरिकन लेखकाच्या संदर्भात करावयाचा आहे. कीथ लॉमर (१९२५-१९९३) हा इंग्रजी विज्ञानसाहित्याच्या वाचकांत सुपरिचित असलेला लेखक. ‘बोलो’ नावाच्या अजस्र, विचारक्षम रणगाड्यांविषयी त्याने १९६० पासून लिहिलेल्या कथांतून युद्धविज्ञानकथेची एक दीर्घ मालिका उभी राहिली. तिच्यातील ‘द लास्ट कमांड’ ही १९६७ ची कथा आणि लॉमरचे १९७१ नंतरचे आयुष्य यांत इतके विलक्षण साम्य आहे, की चरित्र वाचून कथेकडे येणारा वाचक हमखास एका चुकीच्या निष्कर्षाला पोचतो. ती चूक कोणती आणि ती टाळल्यावर कथेत काय दिसते, हे पाहण्यासाठी प्रथम चरित्राची रेषा स्पष्ट करणे आवश्यक आहे.

जॉन कीथ लॉमरचा जन्म ९ जून १९२५ रोजी न्यूयॉर्क राज्यातील सिराक्यूज येथे झाला. त्याचा भाऊ मार्च लॉमर हाही पुढे लेखक झाला. ‘ओझ’ या काल्पनिक प्रदेशाच्या बालवाङ्मयपरंपरेत त्याने स्वतःच्या कथांची भर घातली. कीथ १९४३ मध्ये इंडियाना विद्यापीठात दाखल झाला, परंतु महायुद्धाच्या त्या वर्षांत अठरा वर्षांच्या तरुणाचे शिक्षण अखंड चालणे शक्य नव्हते. तो सैन्यात गेला आणि त्याने युरोपात सेवा बजावली. युद्धानंतर एक वर्ष तो स्वीडनमध्ये स्टॉकहोम विद्यापीठात शिकला आणि पुढे इलिनॉय विद्यापीठातून त्याने वास्तुशास्त्राची पदवी घेतली. घरे बांधण्याचा व्यवसाय मात्र त्याने पत्करला नाही. १९५३ मध्ये तो अमेरिकन हवाई दलात अधिकारी म्हणून रुजू झाला. १९५६ मध्ये ती नोकरी सोडून परराष्ट्र सेवेत शिरला आणि उपवाणिज्यदूत म्हणून ब्रह्मदेशात गेला. १९६० मध्ये तो पुन्हा हवाई दलात परतला आणि १९६५ मध्ये कॅप्टनच्या हुद्द्यावरून बाहेर पडून पूर्णवेळ लेखक झाला.

या तपशिलांत वाङ्मयीन दृष्ट्या दोन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली, त्याची रचनाकाराची वृत्ती. १९५६ ते १९६२ या काळात लॉमरने विमानांच्या उडत्या प्रतिकृतींचे सुमारे दोन डझन आराखडे अमेरिकन व ब्रिटिश मासिकांत प्रसिद्ध केले आणि १९६० मध्ये या विषयावर एक स्वतंत्र पुस्तकही लिहिले. यंत्राचे वजन, त्याचा तोल आणि एका नमुन्यातून पुढचा सुधारित नमुना निघण्याची प्रक्रिया हा त्याच्या दैनंदिन छंदाचा भाग होता. दुसरी गोष्ट अशी, की आज्ञेच्या दोन निरनिराळ्या व्यवस्था त्याने आतून पाहिल्या होत्या. सैन्यात आज्ञा थोडक्यात दिली जाते आणि तिच्या परिणामाची जबाबदारी देणाऱ्यावर असते. वकिलातीत तीच आज्ञा टिपणे, परिपत्रके आणि शिष्टाचार यांतून झिरपत येते, आणि अखेरीस ती कोणाची होती हे सांगणे कठीण होऊन बसते. लॉमरच्या लेखनाचे दोन मुख्य प्रवाह या दोन व्यवस्थांतून निघालेले आहेत.

त्याची पहिली प्रसिद्ध कथा ‘ग्रेलॉर्न’ १९५९ मध्ये ‘अमेझिंग स्टोरीज’ मासिकात आली. दूर अंतराळात बंडखोर सहकाऱ्यांना तोंड देत आपली मोहीम पुढे रेटणारा एक जहाजप्रमुख हा तिचा नायक आहे. म्हणजे आज्ञाधिकारी आणि त्याचे एकाकीपण हा विषय आरंभापासूनच त्याच्या लेखनात आहे. १९६० च्या जानेवारीत रेटीफ या नायकाची पहिली कथा आली. हा रेटीफ पृथ्वीच्या राजनैतिक सेवेतील कनिष्ठ अधिकारी. त्याचे वरिष्ठ पोशाख, मेजवान्या आणि अहवाल यांत गुंतलेले असताना खरे संकट तो एकटा निवारतो, आणि श्रेय मात्र वरिष्ठांना मिळते. ब्रह्मदेशातील वास्तव्यात जवळून पाहिलेल्या कार्यालयीन जगाचा हा उपहास असल्याचे सहज ध्यानात येते. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये ‘द मॅगझिन ऑफ फँटसी अँड सायन्स फिक्शन’मध्ये ‘कॉम्बॅट युनिट’ ही कथा प्रसिद्ध झाली आणि बोलो मालिकेचा आरंभ झाला.

युद्धविज्ञानकथेच्या इतिहासात ही वर्षे महत्त्वाची आहेत. १९५९ मध्ये रॉबर्ट हाइनलाइनची ‘स्टारशिप ट्रूपर्स’ आणि गॉर्डन डिक्सनची ‘डोर्साय!’ या दोन कादंबऱ्या वाचकांसमोर आल्या होत्या. हाइनलाइनला सैनिकाच्या नागरिकत्वाचा प्रश्न महत्त्वाचा वाटला. डिक्सनला सैनिकी कौशल्य हेच वैशिष्ट्य असलेल्या समाजाचा. लॉमरने सैनिकाच्या जागी यंत्र ठेवले आणि कथेचे निवेदन त्या यंत्राच्याच स्वाधीन केले. ‘कॉम्बॅट युनिट’मधील बोलो दीर्घ निद्रेनंतर जागा होतो, तो शत्रूच्या ताब्यात आहे, त्याच्या शरीराचे भाग निकामी झाले आहेत, आणि किती काळ लोटला हे त्याला ठाऊक नाही. प्रथमपुरुषी वर्तमानकाळात तो आपल्या परिस्थितीची नोंद करीत जातो. भावनेचा उच्चार तो करीत नाही. मोजमापे, शक्यता आणि उरलेली ऊर्जा यांचाच हिशेब मांडतो. तथापि या कोरड्या हिशेबातूनच त्याची निष्ठा वाचकाला जाणवते. कथेतील घटनांहून या निवेदनपद्धतीचा शोध हे लॉमरचे अधिक मोलाचे कार्य आहे, असे म्हणावे लागेल.

पुढील दहा वर्षे त्याने झपाट्याने लिहिले. ‘वर्ल्ड्स ऑफ द इंपीरियम’ (१९६२) ही समांतर विश्वांची कादंबरी, दूरदर्शन-मालिकांवर आधारित व्यावसायिक कादंबऱ्या आणि ‘डेडफॉल’ (१९७१) ही रहस्यकथा एवढा त्याचा आवाका होता. ‘अ प्लेग ऑफ डीमन्स’ (१९६५) या कादंबरीत मानवी सैनिकांचे मेंदू परकीयांच्या युद्धयंत्रांत बसविले जातात आणि त्यांतील एक मेंदू आपले स्वत्व आठवून इतरांना जागे करतो. गाडल्या गेलेल्या स्मृतीचे जागे होणे हे आशयसूत्र ‘कॉम्बॅट युनिट’मध्ये होतेच, येथे ते मानवी पातळीवर आले. ‘इन द क्यू’ (१९७०) या कथेत एका खिडकीसमोरच्या रांगेत माणसांची आयुष्ये सरतात. रेटीफच्या कथांतील हसू येथे पार मावळले आहे.

‘द लास्ट कमांड’ १९६७ च्या जानेवारीत ‘ॲनालॉग’ मासिकात प्रसिद्ध झाली. जॉन कॅम्पबेल हा त्या वेळी या मासिकाचा संपादक होता. कथेचा आरंभ एका बांधकामाच्या जागी होतो. पायासाठी सुरुंग लावले जात आहेत, आणि स्फोट संपल्यावरही जमीन हादरत असल्याचे तेथील लोकांच्या ध्यानात येते. फार पूर्वीच्या युद्धात निकामी ठरलेला एक बोलो तेथे खोल गाडलेला आहे. किरणोत्सर्गामुळे तो मोडीत काढणे शक्य नव्हते, म्हणून काँक्रीटखाली त्याची विल्हेवाट लावण्यात आली होती. सुरुंगांच्या हादऱ्यांनी तो जागा होतो. मधली दशके त्याच्या जाणिवेत नाहीत. त्याच्या लेखी युद्ध चालूच आहे, हादरे हा शत्रूचा मारा आहे आणि समोरचे शहर हे शत्रूचे ठाणे आहे. तो जमीन फोडून वर येतो आणि शहराच्या रोखाने निघतो. सैन्याच्या उपायांनी तो थांबत नाही. शेवटी सँडर्स नावाचा एक अतिवृद्ध निवृत्त अधिकारी पुढे येतो. युद्धात तो या बोलोचा नायक होता. घातक किरणोत्सर्गाची पर्वा न करता तो यंत्राजवळ चालत जातो, यंत्र त्याला ओळखते, आणि सँडर्स त्याला आज्ञा देऊन वस्तीपासून दूर, ओसाड प्रदेशात घेऊन जातो. तेथून दोघेही परतणार नाहीत हे वाचकाला कळते. यंत्र मात्र आपल्या नायकाच्या पुढच्या आज्ञेची वाट पाहत राहते.

या कथेत निवेदनाचे दोन पदर आलटून पालटून येतात. माणसांचे प्रसंग तृतीयपुरुषी भूतकाळात सांगितले आहेत. बोलोचे निवेदन प्रथमपुरुषी वर्तमानकाळात आहे. हा व्याकरणिक भेद कथेच्या आशयाशी एकजीव झालेला आहे. माणसांसाठी युद्ध भूतकाळात गेले आहे, यंत्राला भूतकाळच नाही. वाचकाला दोन्ही बाजू ठाऊक असल्यामुळे बोलोच्या प्रत्येक निष्कर्षातील तर्कशुद्धता आणि त्यातील चूक त्याला एकाच वेळी दिसतात. यंत्र बिघडलेले नाही, शत्रूला सामीलही झालेले नाही. ते अत्यंत प्रामाणिकपणे कर्तव्य बजावीत आहे, आणि म्हणूनच ते भयावह आहे. ज्या समाजाने ही निष्ठा निर्माण केली, त्यानेच ती काँक्रीटखाली गाडली आणि ती विसरून वर बांधकाम काढले. सँडर्सची स्थितीही याहून फार वेगळी नाही. तोही याच समाजात विस्मरणात गेलेला आहे. यंत्राला थांबवण्याचा अधिकार त्याला पदामुळे लाभलेला नाही. यंत्राच्या स्मृतीतील काळ ज्याने स्वतः जगला, असा तो एकटाच माणूस तेथे आहे, म्हणून तो अधिकार त्याचा आहे. येथे आज्ञा ही सत्तेची खूण उरत नाही. दोन विस्मृत सैनिकांतील ओळखीची भाषा होते. परकी माणसे शस्त्रांनी जे साधू शकली नाहीत, ते या भाषेने साधते.

या कथेवर भावविवशतेचा आक्षेप घेता येतो, आणि तो सर्वस्वी निराधार नाही. वृद्ध सैनिकाचे आत्मार्पण हा कल्पनाबंध जुना आहे. शत्रू कोण होता, युद्ध न्याय्य होते काय, हे प्रश्न कथा विचारीतही नाही. अमेरिका व्हिएतनाममध्ये लढत असण्याच्या काळातील ही कथा आहे. पुढच्याच वर्षी, १९६८ मध्ये, विज्ञानकथा-मासिकांत त्या युद्धाच्या बाजूने व विरोधात लेखकांच्या सह्यांची निवेदने जाहिराती म्हणून छापली गेली. एवढ्या तीव्र मतभेदाच्या वातावरणात केवळ निष्ठेविषयी लिहिणे हे काहींना पळवाटेसारखे वाटेल. याला उत्तर एवढेच देता येते, की कथा निष्ठेचा गौरव करून थांबत नाही. जिला आवरणारे कोणी उरले नाही, ती निष्ठा स्वतःच्याच माणसांवर कशी चालून येते, हेही ती दाखविते. १९६९ मधील ‘अ रेलिक ऑफ वॉर’ ही कथा याच विचाराची पुढची पायरी आहे. एका वसाहतीच्या चौकात गावकऱ्यांचा लाडका होऊन बसलेला जुना बोलो निकामी करण्यासाठी सरकारी अधिकारी येतो. त्याच वेळी शत्रूचे एक सुप्त यंत्र जागे होते. बोलो गावाचे रक्षण करतो, आणि त्याने गावाला वाचविले असूनही, किंबहुना त्याची संहारशक्ती अजून शाबूत असल्याचे यामुळे सिद्ध झाले म्हणूनच, शेवटी त्याला मृत्यू देणे भाग पडते.

येथवरचे लेखन निरोगी, वयाच्या चाळिशीत असलेल्या, हवाई दलातून स्वेच्छेने बाहेर पडलेल्या लेखकाचे आहे. १९७१ मध्ये ‘द अल्टिमॅक्स मॅन’ ही कादंबरी लिहीत असताना लॉमरला पक्षाघाताचा झटका आला. तेव्हा त्याचे वय सेहेचाळीसच्या आसपास होते. डॉक्टरांनी केलेले निदान त्याने मान्य केले नाही. आपल्या दुखण्याची एक निराळीच उपपत्ती त्याने स्वतः लावली आणि तिच्या आधारे अत्यंत वेदनादायक असे उपचार स्वतःवर चालविले. काही वर्षे लेखन पूर्णपणे थांबले. सत्तरच्या दशकाच्या मध्याला तो अंशतः सावरला आणि पुन्हा लिहू लागला. अर्धवट राहिलेली ‘द अल्टिमॅक्स मॅन’ १९७८ मध्ये पुस्तकरूपाने आली. रेटीफच्या नव्या कथा निघाल्या, ‘रोग बोलो’ (१९८६) आणि ‘द स्टार्स मस्ट वेट’ (१९९०) या बोलो मालिकेतील कादंबऱ्या आल्या. परंतु पूर्वीची गती आणि रचनेतील नेमकेपणा परत आला नाही. ‘द स्टार्स मस्ट वेट’ ही तर १९६३ च्या ‘द नाइट ऑफ द ट्रोल्स’ या आपल्याच कथेचा त्याने केलेला विस्तार होता. २३ जानेवारी १९९३ रोजी फ्लॉरिडातील ब्रुक्सव्हिल येथे त्याचे निधन झाले.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. निम्मे शरीर निकामी झाले असताना युद्ध संपल्याचे मान्य न करणारा, आतल्या उरल्यासुरल्या शक्तीचा हिशेब करीत पुढे सरकणारा बोलो, आणि वैद्यकीय निदान नाकारून स्वतःच्या शरीराशी झुंजणारा लॉमर, यांतील साम्य वाचकाला थक्क करते. यावरून ‘द लास्ट कमांड’ हे लेखकाचे आत्मकथन आहे असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. मात्र कथा प्रसिद्ध झाल्यावर चार वर्षांनी पक्षाघात झाला आहे. जे घडलेच नव्हते ते कथेचे कारण असू शकत नाही. त्या कथेला भविष्यसूचक म्हणणे हाही त्याच चुकीचा दुसरा प्रकार ठरेल. उलट दिशेनेही सावधगिरी बाळगावी लागते. पक्षाघातापूर्वी पूर्ण झालेले बरेच लेखन प्रकाशकांकडे होते. त्यामुळे लेखक लिहू शकत नसतानाही ‘नाइट ऑफ डिल्यूजन्स’ (१९७२), ‘द ग्लोरी गेम’ (१९७३) अशी पुस्तके निघत राहिली. म्हणजे या लेखकाच्या बाबतीत प्रकाशनवर्षावरून लेखनकाळ आणि लेखनकाळावरून मनःस्थिती, असे अनुमान करणे धोक्याचे आहे. १९७६ च्या ‘फील्ड टेस्ट’ या कथेलाही हे लागू पडते. आत्मभान असलेला पहिला बोलो लष्करी हिशेबाला न जुमानता स्वतःच्या नाशाची जोखीम पत्करून चढाई करतो, आणि त्यामागे पलटणीच्या प्रतिष्ठेची जाणीव असल्याचे शेवटी उघड होते. या कथेत आजाराशी झुंजणारा लेखक पाहणे सोपे आहे. परंतु तिच्यातील प्रत्येक घटक १९६० च्या ‘कॉम्बॅट युनिट’मध्ये बीजरूपाने उपस्थित होता.

मग चरित्र निरुपयोगी ठरते काय? तसे मुळीच नाही. पक्षाघातापूर्वीचे चरित्र कथेच्या घडणीवर प्रकाश टाकते. बांधकामाच्या जागेचे वर्णन, काँक्रीट व जमीन यांतून पसरणाऱ्या हादऱ्यांची जाण यांत वास्तुशास्त्राचा विद्यार्थी दिसतो. बोलोंच्या एकामागून एक निघणाऱ्या सुधारित नमुन्यांच्या कल्पनेत प्रतिकृतींचे आराखडे काढणारा छांदिष्ट दिसतो. आज्ञेचे मोल आणि कार्यालयाचा कोरडेपणा यांच्यातील विरोधात सैन्य व परराष्ट्र सेवा यांचा दुहेरी अनुभव दिसतो. १९७१ नंतरचे चरित्र कथेचे स्पष्टीकरण देत नाही. ते फक्त आपले वाचन बदलते, आणि हा बदल वाचकाचा आहे, कथेचा नव्हे, हे ओळखणे अभ्यासकाचे काम आहे. किंबहुना कथा आणि आयुष्य यांतील भेद साम्याहून अधिक बोलका आहे. कथेतील बोलोला जुना काळ जाणणारा एक माणूस भेटतो, आणि थांबण्याची आज्ञा त्याला परिचित आवाजात मिळते. लॉमरला अशी आज्ञा देणारे कोणी नव्हते. बावीस वर्षे तो स्वतःच यंत्र होता आणि स्वतःच नायक. उत्तरकालीन पुस्तकांतील शैथिल्य नोंदविताना समीक्षकाने गुणवत्तेबाबत तडजोड करू नये. पण ती पुस्तके कोणत्या शरीराने लिहिली, याचा विसरही पडू देऊ नये.

लॉमरच्या निधनाच्या वर्षीच, १९९३ मध्ये, इतर लेखकांनी बोलोंविषयी लिहिलेल्या कथांचा पहिला संग्रह बाहेर पडला. पुढे डेव्हिड वेबर, विल्यम कीथ आदींनी या मालिकेत भर घातली आणि ती एकविसाव्या शतकात पोचली. एका लेखकाची निर्मिती अनेकांच्या हाती जाणे हे लोकप्रिय वाङ्मयात नित्याचेच आहे. तथापि या संग्रहांतून मागे वळून ‘द लास्ट कमांड’ वाचली, म्हणजे मालिकेचे मूळ बळ शस्त्रसामर्थ्याच्या वर्णनात नव्हते, हे स्पष्ट होते. अंधारात जागे होऊन आपण कोण, आपले काम कोणते, याची काटेकोर नोंद करणाऱ्या एका आवाजात ते होते. तो आवाज लॉमरने आजारातून मिळविला नाही. तो त्याच्यापाशी आधीपासूनच होता.